श्रेयनामावलीबाहेरचा कलावंत : मुंबईतील प्रारंभीच्या जॅझ-प्रभावित ध्वनिमुद्रणांचा पुनर्शोध

सारांश

मुंबईत १९३५ ते १९७० या काळात जॅझ आणि लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीताच्या प्रभावातून जे सुश्राव्य, हलकेफुलके संगीत ध्वनिमुद्रित झाले, त्याच्या घडणीत संगीत-संयोजकाचा, म्हणजेच अरेंजरचा, वाटा फार मोठा होता. हे संयोजक बहुतांशी गोमंतकीय होते. ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टणावर आणि चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आढळतात. गेल्या दोन-तीन दशकांत ब्राझीलप्रमाणेच आपल्याकडेही या विस्मृत ध्वनिमुद्रणांकडे संग्राहक व अभ्यासक पुन्हा वळले आहेत. प्रस्तुत लेखात संयोजकाचे कार्य, त्याच्या विस्मरणाची कारणे, पुनर्शोधाची साधने आणि महाविद्यालयीन स्तरावर करता येण्याजोगे काम यांचा विचार केला आहे.

बीजशब्द : संगीत-संयोजन, जॅझ, गोमंतकीय वादक, चित्रपटसंगीत, ध्वनिमुद्रिका, मौखिक इतिहास, कॉपीराइट

१. प्रस्तावना

एखादे गीत आपल्या स्मरणात राहते तेव्हा त्याचे शब्द, चाल आणि गायकाचा आवाज या तीन गोष्टी आपण ओळखतो. परंतु गीत सुरू होण्यापूर्वी वाजणारे तुतारीसारखे ट्रम्पेटचे सूर, दोन कडव्यांमधला व्हायोलिनचा समूहनाद, गायकाच्या ओळीमागून हळूच सरकणारी क्लॅरिनेटची प्रतिधून या सर्वांचा कर्ता कोण, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. रसिकाने तो विचारला नाही यात नवल नाही. अभ्यासकांनीही तो दीर्घकाळ विचारला नाही, ही खरी उणीव होय.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता मर्यादित नाही. ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे जन्मलेले युमीर देओदातो यांचे उदाहरण या संदर्भात बोधप्रद आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रील्यूड' या ध्वनिमुद्रिकेतील रिचर्ड श्ट्राउसच्या सिंफनिक रचनेच्या जॅझ रूपांतराने त्यांना जगभर ख्याती मिळाली व पुढील वर्षी ग्रॅमी पुरस्कारही लाभला. परंतु त्यापूर्वी जवळजवळ एक दशक, १९६४-६५ च्या सुमारास, त्यांनी रिओमध्ये बोसा नोव्हा शैलीतील अनेक सुश्राव्य वाद्यसंगीताच्या ध्वनिमुद्रिका केल्या होत्या. आंतोनियो कार्लोस जोबीम यांच्या रचनांवर आधारित 'इनुतिल पायसाजें' ही त्यांपैकी एक. 'ओस कातेद्रातिकोस' या वाद्यवृंदाच्या नावानेही त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. या पोर्तुगीज नावाचा अर्थ 'प्राध्यापकमंडळी' असा होतो, हे आपल्यासारख्या वाचकांना रंजक वाटेल. पार्श्वभूमीला वाजवावयाचे संगीत म्हणून ही ध्वनिमुद्रणे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. कालांतराने संग्राहकांनी ती शोधली, ती पुनर्प्रकाशित झाली आणि नंतरच्या कीर्तिमान संगीतकाराची घडण तेथेच झाली होती, हे ध्यानात आले.

मुंबईच्या संगीत-इतिहासात असाच एक दालनभर ऐवज पडून आहे. त्याचा परिचय करून देणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

२. संगीत-संयोजक म्हणजे कोण?

संगीतकार चाल बांधतो. ती बहुधा हार्मोनियमवर किंवा गळ्यावर तयार होते. ही एकपदरी चाल वीस, तीस किंवा साठ वादकांच्या वृंदाने वाजवावयाची, तर कोणत्या वाद्याने कोठे सुरू करावे, कोठे थांबावे, कोणते स्वर एकाच वेळी उमटावेत याचा आराखडा करावा लागतो. हा आराखडा पाश्चात्त्य स्वरलिपीत लिहून प्रत्येक वादकाच्या हाती त्याचा स्वतंत्र कागद देणे हे संयोजकाचे काम होय.

या कामाचे साधारणपणे तीन भाग पडतात. पहिला भाग स्वरसंवादाचा. भारतीय राग-संगीत मूलतः एकस्वरी प्रवाहाचे आहे. त्याला एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसमूहांची जोड देताना रागाचे स्वरूप बिघडणार नाही, हे पाहावे लागते. दुसरा भाग प्रतिधुनीचा. गायकाच्या मुख्य चालीला समांतर अशी दुय्यम चाल व्हायोलिन, चेलो किंवा बासरीवर चालवली जाते. तिसरा भाग प्रास्ताविक आणि मध्यंतरीच्या वाद्यखंडांचा. मुंबईच्या स्टुडिओतील भाषेत यांना 'पीस' म्हणत. अनेक गीतांची ओळख त्यांच्या मुखड्याइतकीच या पीसांमुळे पटते.

अनेक हिंदी चित्रपट-संगीतकारांना पाश्चात्त्य स्वरलिपी लिहिता येत नसे. त्यांची तालीम गुरुमुखातून झालेली असे. उलट स्वरलिपी वाचणाऱ्या वादकाला कागदावर नसलेले वाजवणे अवघड जाई. या दोन जगांच्या सीमेवर संयोजक उभा होता. तो एकाचे गुणगुणणे ऐके आणि दुसऱ्यासाठी ते लिहून काढी. त्यामुळे त्याला केवळ लेखनिक मानणे अन्यायाचे ठरते. भाषांतरकाराला जेवढे निर्मितीचे श्रेय आपण देतो, तेवढे तरी त्याला द्यावयास हवे.

३. गोमंतकीय परंपरा आणि मुंबईचे जॅझपर्व

हे काम गोमंतकीय वादकांकडेच का आले, याचे उत्तर गोव्याच्या इतिहासात आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपीचे वाचन, समूहगायन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवली जात. प्रार्थनासंगीतासाठी घडलेली ही विद्या पुढे उपजीविकेचे साधन बनली. गोव्यात रोजगाराच्या संधी तुटपुंज्या असल्याने हे वादक मुंबईस येत, धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावांच्या 'कुडां'मध्ये उतरत आणि मूकपटांची चित्रगृहे, लष्करी व पोलिसी बँड, जहाजे, संस्थानिकांचे दरबार व हॉटेले येथे काम शोधत.

१९३५ च्या हिवाळ्यात लिऑन ॲबी यांचा आफ्रिकन-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताज महाल हॉटेलात आला आणि या शहराचा खऱ्या जॅझशी प्रत्यक्ष संबंध आला. त्यांच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफोर्ड यांनी येथे वास्तव्य केले. क्रिकेट स्मिथ यांच्या वृंदाने १९३६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेली 'ताज महाल' ही नृत्यधून मुंबईच्या बगदादी ज्यू समाजातील मेना सायलस यांची रचना होती. या परदेशी कलावंतांच्या वृंदांतून व सहवासातून स्थानिक वादकांची एक पिढी तयार झाली. मिकी कोरिया यांनी १९३९ पासून सुमारे दोन दशके ताजमधील वृंदाचे नेतृत्व केले.

याच पिढीतील सर्वांत तेजस्वी नाव म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ. १९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे जन्मलेले हे ट्रम्पेटवादक 'चिक चॉकलेट' या नावाने ओळखले जात. लुई आर्मस्ट्राँग यांच्या वादन-गायनशैलीचा त्यांच्यावर एवढा प्रभाव होता की त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हटले जाई. त्यांच्या वृंदाची स्वतंत्र ध्वनिमुद्रणेही निघाली. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या, एका बाजूस जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे वाजणाऱ्या त्या तबकड्या आज दुर्मीळ आहेत.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. ब्रिटिश अधिकारी व सैनिक निघून गेले, संस्थानांचे विलीनीकरण झाले आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यामुळे हॉटेलांतील नृत्यसंध्यांना उतरती कळा लागली. ज्या वादकांचा चरितार्थ त्यांवर चालत होता, ते मोठ्या संख्येने चित्रपट-स्टुडिओंकडे वळले. हिंदी चित्रपटसंगीतात जॅझ आणि लॅटिन ताल ज्या काळात ठळकपणे अवतरले, तो हाच काळ होय. त्यामागे संगीतकारांच्या आवडीनिवडीइतकेच हे आर्थिक स्थलांतर होते, हे विसरता येत नाही.

४. सी. रामचंद्र आणि चिक चॉकलेट : एक सहकार्य

या स्थलांतराचे सर्वांत सुरेल फळ मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र (१९१८-१९८२), यांनी 'शहनाई' (१९४७) या चित्रपटातील 'आना मेरी जान संडे के संडे' या गीतातून पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा खेळकर प्रयोग केला होता. पुढे चिक चॉकलेट त्यांचे सहायक म्हणून काम करू लागले आणि या प्रयोगाला पक्क्या जॅझवृंदाचे बळ मिळाले.

'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे ओ बाँके छोरे' या द्वंद्वगीताची चाल 'चिको चिको' या लॅटिन ढंगाच्या गीतावरून घेतलेली आहे. हे मूळ गीत ब्राझीलमध्ये वाढलेल्या गायिका-अभिनेत्री कार्मेन मिरांडा यांनी 'डॉल फेस' (१९४५) या हॉलिवूडपटात गायिले होते. ब्राझीलची लय हॉलिवूडच्या मार्गाने मुंबईत पोहोचण्यास पाच वर्षेही लागली नाहीत. पोर्तुगीज वसाहतींच्या दोन टोकांवरील रिओ आणि गोवा यांची गाठ अशी मुंबईच्या स्टुडिओत पडावी, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

'अलबेला' (१९५१) हा या सहकार्याचा कळस मानता येईल. मास्टर भगवान यांची निर्मिती, दिग्दर्शन व भूमिका असलेल्या या चित्रपटातील 'शोला जो भडके' या गीतात लॅटिन तालवाद्ये आणि ट्रम्पेट यांचा जो मेळ ऐकू येतो, तो चिक चॉकलेट यांच्या वृंदाचा आहे. विशेष म्हणजे पडद्यावरही हा वृंद झालरदार बाह्यांच्या पोशाखात दिसतो. वादक प्रत्यक्ष दिसण्याची अशी प्रसंगे हिंदी चित्रपटात मोजकीच आहेत. याच चित्रपटातील 'धीरे से आजा री अँखियन में' ही लोरी आणि 'शोला' यांची तुलना केल्यास एकाच संगीतकाराच्या दोन वेगळ्या वाद्यमेळांची कल्पना येते. बोंगोसारखी लॅटिन तालवाद्ये चित्रपटसंगीतात रुजवणाऱ्या कावस लॉर्ड या पारशी तालवादकाचाही येथे उल्लेख करावयास हवा.

त्याच वर्षी चिक चॉकलेट यांनी 'नादान' या चित्रपटाला स्वतंत्र संगीत दिले. तथापि स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांची कारकीर्द फार बहरली नाही. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. २०१६ साली मास्टर भगवान यांच्या जीवनावर 'एक अलबेला' हा मराठी चित्रपट आला आणि नव्या पिढीला त्या गीतांची पुन्हा ओळख झाली. परंतु त्या ट्रम्पेटचे सूर कोणाचे, हे सांगू शकणारे प्रेक्षक आजही थोडेच भेटतील.

५. अन्य संयोजक : सिबॅस्टियन डिसोझा ते अँथनी गोन्साल्विस

चिक चॉकलेट यांची परंपरा एकट्याची नव्हती. फाळणीपूर्वी लाहोरमध्ये वाद्यवृंद चालवणारे सिबॅस्टियन डिसोझा मुंबईस आले आणि शंकर-जयकिशन तसेच ओ. पी. नय्यर यांच्यासाठी त्यांनी दीर्घकाळ संयोजन केले. गायकाच्या चालीमागे व्हायोलिनसमूहाची प्रतिधून खेळवण्याची त्यांची हातोटी इतकी प्रभावी होती की त्या काळच्या चित्रपटगीताचा सर्वसाधारण नादच तिने घडवला.

माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस यांनी वेगळी वाट धरली. संगीतकार प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन करून राग-संगीतावर आधारित वृंदरचना मुंबईत सादर केल्या. त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांचाही सहभाग होता. १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले, परंतु ते एका काल्पनिक पात्राचे नाव म्हणून. ज्यांच्या गौरवार्थ ते योजले गेले, ते गुरुजी २०१२ साली गोव्यात निवर्तले. नाव सर्वांच्या ओठी आणि माणूस मात्र अज्ञात, असे संयोजकाच्या नियतीचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

संयोजनाचे कौशल्य शब्दांच्या व गायकाच्या आधाराविना ऐकावयाचे असल्यास 'राग-जॅझ स्टाइल' (१९६८) ही शंकर-जयकिशन यांची ध्वनिमुद्रिका उपयुक्त ठरते. तोडीपासून भैरवीपर्यंत अकरा राग येथे जॅझवृंदासाठी योजले आहेत. रईस खाँ यांची सतार, मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन, जॉन परेरा यांचा ट्रम्पेट, लुसिला पाशेको यांचा पियानो, लेस्ली गोदिन्हो यांचे ड्रम्स आणि रमाकांत यांचा तबला असा हा मेळ आहे. दोन वर्षांपूर्वी, १९६६ मध्ये, मूळ कोलकात्याचे जॉन मेयर व जमैकाचे जो हॅरियट यांनी लंडनमध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' हा प्रयोग केला होता. दोन्ही ध्वनिमुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्यास लंडनच्या प्रयोगात संगीतसभेचे गांभीर्य, तर मुंबईच्या प्रयोगात स्टुडिओची सफाई आणि मिनिटांचे काटेकोर भान जाणवते. तीन मिनिटांत राग ओळखू यावा आणि रंजनही व्हावे, ही शिस्त चित्रपटगीतांनी या वादकांच्या अंगी बाणवली होती.

६. विस्मरणाची कारणे

या कलावंतांच्या विस्मरणामागे तीन कारणे प्रामुख्याने दिसतात.

पहिले कारण व्यवसायाच्या रचनेत आहे. तबकडीच्या गोल कागदावर जागा अपुरी असे. १९४९ च्या 'महल'मधील 'आयेगा आनेवाला' या गीताच्या तबकडीवर गायिकेच्या जागी 'कामिनी' हे चित्रपटातील पात्राचे नाव छापले होते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. जेथे पार्श्वगायिकेलाच नावासाठी झगडावे लागले, तेथे संयोजकाची काय कथा? चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तो फार तर 'सहायक' म्हणून येई.

दुसरे कारण समीक्षेच्या दृष्टीत आहे. जॅझच्या शुद्धतावादी समीक्षेला हे संगीत फार गोड आणि बाजारू वाटले. शास्त्रीय संगीताच्या अभ्यासकांना ते परके वाटले. चित्रपटगीतांच्या रसिकांनी चाल व शब्द यांपलीकडे पाहिले नाही. 'हलके' हे विशेषण एकदा चिकटले की अभ्यासाची गरजच उरत नाही. वस्तुतः सहज ऐकता येणारे संगीत सहज रचता येते, हा समज निराधार आहे.

तिसरे कारण कायद्याचे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतरचनेचे संयोजन हे 'रूपांतर' या संज्ञेत अंतर्भूत आहे. म्हणजे संयोजन करू देण्याचा अधिकार मूळ रचनेच्या स्वामीस मिळतो. मात्र संयोजक या व्यक्तीची वेगळी व्याख्या कायद्यात नाही. वादकांना 'सादरकर्ता' म्हणून हक्क १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले. तोवर या पिढीचे बहुतेक काम होऊन गेले होते. २०१२ च्या दुरुस्तीतही, ज्याचे सादरीकरण प्रासंगिक स्वरूपाचे असते आणि व्यवसायाच्या प्रथेनुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत दिले जात नाही, अशा व्यक्तीला चित्रपटाच्या संदर्भात मर्यादित संरक्षणच आहे. म्हणजे नाव न देण्याची प्रथाच हक्क नाकारण्याचा एक आधार होऊ शकते.

७. पुनर्शोधाची साधने आणि महाविद्यालयांची भूमिका

गेल्या काही दशकांत या दिशेने मोलाचे काम झाले आहे. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने व तिचे डॉ. सुरेश चांदवणकर यांनी तबकड्यांच्या अभ्यासाला शिस्त दिली. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथाने स्टुडिओतील वादकांच्या मुलाखतींतून त्यांचा इतिहास मांडला, तर नरेश फर्नांडिस यांच्या 'ताज महाल फॉक्सट्रॉट' (२०१२) या पुस्तकाने मुंबईच्या जॅझपर्वाचा समग्र पट उलगडला. ख्रिस पेरी व लॉर्ना यांच्या कोकणी गीतांनी प्रेरित 'नाचूंया कुंपासार' या कोकणी चित्रपटाने तीच परंपरा सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेली.

परंतु उरलेले काम विखुरलेले आहे आणि ते स्थानिक पातळीवरच होऊ शकते. विक्रोळीसारख्या कामगारवस्तीच्या उपनगराचा विचार करू. कन्नमवार नगर, टागोर नगर येथील घरांतून जुन्या तबकड्या, ध्वनिफिती, चित्रपटांच्या गीतपुस्तिका अजूनही माळ्यावर असण्याची शक्यता आहे. गणेशोत्सवात, लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या बँड व बेंजो पथकांनी 'अलबेला'सारख्या चित्रपटांच्या धुना पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवल्या आहेत. कारखानदारीचा इतिहास जपणारा गोदरेज अभिलेखागार याच उपनगरात २००६ पासून कार्यरत आहे. उद्योगाची कागदपत्रे जतन करता येतात, तर स्वरांची का नाहीत?

या दृष्टीने महाविद्यालयांना पुढील उपक्रम हाती घेता येतील.

(अ) तबकड्यांची नोंद : विद्यार्थ्यांनी तबकडीवरील कंपनी, क्रमांक, गायक, संगीतकार व कडेलगत कोरलेला साच्याचा क्रमांक टिपावा. हा क्रमांक ध्वनिमुद्रणाचा क्रम ठरविण्यास साह्यभूत होतो.

(आ) गीतपुस्तिका व श्रेयनामावलींचे वाचन : पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील साहित्याशी स्थानिक नोंदी ताडून पाहता येतील. 'सहायक' या शब्दाखालील नावांची स्वतंत्र सूची करावी.

(इ) मौखिक इतिहास : वयोवृद्ध वादक, त्यांचे कुटुंबीय व बँडमास्तर यांच्या मुलाखती संमतीपत्रासह ध्वनिमुद्रित कराव्यात. आठवणींत वर्षांची गल्लत होते. म्हणून प्रत्येक विधान तबकडी वा पुस्तिकेशी पडताळावे.

(ई) श्रवणाभ्यास : एकच गीत वर्गात दोनदा ऐकवावे, दुसऱ्या वेळी गायकाकडे दुर्लक्ष करून केवळ वाद्यांचा क्रम लिहून घेण्यास सांगावे. संयोजन म्हणजे काय, हे व्याख्यानापेक्षा या एका प्रयोगाने अधिक समजते.

येथे कायद्याचे भान आवश्यक आहे. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. त्यामुळे १९५१ च्या ध्वनिमुद्रणावरील हा हक्क २०११ च्या अखेरीस संपला. परंतु त्यातील संगीतरचनेवरील हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, सी. रामचंद्र यांच्या रचनांबाबत तो २०४२ अखेरपर्यंत राहील. त्यामुळे अभ्यासासाठी जतन व नोंद करणे आणि सार्वजनिक पुनर्प्रकाशन करणे यांत फरक करावयास हवा.

८. समारोप

देओदातो यांच्या प्रारंभीच्या ध्वनिमुद्रणांचा पुनर्शोध शक्य झाला, कारण वेष्टणावर संयोजकाचे किंवा त्याच्या वृंदाचे नाव होते. शोध घेणाऱ्याच्या हाती एक धागा होता. मुंबईच्या संयोजकांबाबत बहुतेक वेळा तो धागाच नाही. संगीत उपलब्ध आहे, अगदी दररोज कानी पडत आहे, परंतु त्याचा कर्ता अनुपलब्ध आहे. म्हणून आपल्याकडील पुनर्शोध हा हरवलेल्या ध्वनीचा कमी आणि हरवलेल्या नावांचा अधिक आहे.

हे काम करण्यास अवधी थोडा आहे. लाखेची तबकडी पडली तर फुटते, ध्वनिफितीला बुरशी लागते, आणि ज्यांनी त्या स्टुडिओंत प्रत्यक्ष वाजवले त्यांपैकी जे हयात आहेत ते आता वयोवृद्ध आहेत. एखाद्या महाविद्यालयाने एका वर्षात दहा नावे जरी साधार निश्चित केली, तरी पुढील अभ्यासकाला दहा धागे मिळतील. कोणत्याही कलेच्या इतिहासात श्रेयाची नोंद ही सौजन्याची बाब नसून सत्याची बाब असते. ती पूर्ण करण्याचे उत्तरदायित्व अध्यापकवर्गाने स्वीकारावे, एवढीच अपेक्षा.